माहेरची कणीक

परातीत कणीक आहे. पांढरीशुभ्र, आंबून फुगलेली. शेजारी कंगवा, कात्री, चॉपस्टिकची जोडी आणि वाटीभर काळे दाणे. चीनच्या शान्शी प्रांतात, वनशी भागातल्या बाईला तिच्या कलेसाठी एवढं सामान पुरतं.

कात्रीच्या टोकाने बारीक चिमटे काढले की साळिंदराचे काटे उभे राहतात. कंगव्याचे दात दाबले की माशाला खवले येतात. काळा दाणा बसला की डोळा. मग वाफ. वाफेत कणीक फुगते, रेषा पसरतात. म्हणून आकार मुळातच जरा किडकिडीत ठेवायचा, खाचा जरा खोल पाडायच्या. किती, ते हाताला कळतं. आईशेजारी बसून बसून लेकीच्या बोटांत उतरतं.

याला म्हणतात हुआमो. हुआ म्हणजे फूल, मो म्हणजे वाफवलेला पाव. २००८ साली वनशीचा हुआमो चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत आला. त्याआधी कितीतरी पिढ्या बायका तो घडवत होत्या, आणि घरचे तो खाऊन संपवत होते. भिंतीवर टांगायला, कोपऱ्यात सही करायला मागे काही उरतच नव्हतं.

लग्नाच्या हुआमोवर ही लाल बोरं पाहा. चिनी भाषेत बोराला ‘झाव’ म्हणतात, आणि ‘लवकर’ या शब्दाचा उच्चारही तसाच. बोर खोचलं की नवरीला निरोप पोचला: लवकर मूल होऊ दे. जुन्या घरांत मूल म्हणजे मुलगा. ही अपेक्षा नवरीच्या पदरात घालणारे हातही बायकांचेच. मला या जागी नेहमी थांबावंसं वाटतं.

नवरीची परीक्षा चुलीपाशी व्हायची. सुमारे बाराशे वर्षांपूर्वी, तांग काळातल्या वांग च्यान या कवीने एक नवी सून रंगवली आहे. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी ती हात धुऊन रस्सा करते. सासूची चव अजून ठाऊक नाही, म्हणून आधी नणंदेला चाखायला देते. चार ओळींची कविता. त्या सुनेची धाकधूक अजून ताजी आहे.

चीनमध्ये एक म्हण आहे: लग्न करून दिलेली मुलगी म्हणजे सांडलेलं पाणी. पण शान्शीत त्याच मुलीचं बाळ महिन्याचं झालं की तिची आई कणीक मळायला घेते. मोठं गोल कडं वळते, त्यावर चिनी बारा राशींचे बारा प्राणी बसवते. उंदीर, बैल, वाघ, ससा... माहेरचा हा पाव आला नाही तर बाळाचा सोहळा पुरा होत नाही.

आता रंग बदललेत. पालकाचा हिरवा, भोपळ्याचा पिवळा. वाढदिवसाला केकऐवजी हुआमो मागवतात, आणि कित्येक जणी ऑर्डरी घेऊन स्वतःची कमाई करतात. ज्या हाताने सासरी गुण मिळवायचे, त्याच हाताची आता मजुरी मिळते.

झाकण उघडलं. वाफ ओसरतेय. कडं अखंड आहे, कुठे तडा नाही. ससा तेवढा एका कानाने वाकलाय. आजी ओल्या बोटाने तो सरळ करते, कडं टोपलीत ठेवते, वर लाल कापड घालते, आणि लेकीच्या घराकडे निघते.