महागड्या जेवणाचं बिल कोण भरतं?

मित्रहो, उंची रेस्टॉरंटांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "एवढे पैसे घेतले, आणि ताटात होतं काय? दोन घास!" हे म्हणणाऱ्याचा राग मला समजतो. बारा-चौदा पदार्थ येतात, प्रत्येक तळहाताएवढ्या जागेत मावणारा, आणि शेवटी जे बिल येतं त्यात एखाद्या कुटुंबाचा महिन्याचा किराणा भरला असता. तरीही मला वाटतं, हा हिशेब आपण चुकीच्या टोकाकडून करतो. ताटाचं वजन करून त्या बिलाचा उलगडा होत नाही. आपल्या खुर्चीमागे त्या दिवशी किती माणसं राबत होती आणि त्यांना त्याचे पैसे मिळाले की नाही, असं विचारलं की उलगडा व्हायला लागतो. मी आज यावरच बोलणार आहे.

आधी नेहमीच्या, बऱ्यापैकी चालणाऱ्या रेस्टॉरंटचं गणित बघू. बिल शंभर धरलं तर धंद्यातली माणसं ढोबळमानाने असं सांगतात: तीसच्या आसपास कच्च्या मालाला जातात, तेवढेच किंवा थोडे जास्त पगारांना. उरलेल्यात भाडं, वीज, गॅस, कपड्यांची धुलाई, विमा, परवाने, कर्जाचे हप्ते आणि फुटतूट. हे सगळं भागवून मालकाच्या हाती चार-पाच राहिले तर वर्ष बरं गेलं म्हणायचं.

उंची रेस्टॉरंटात हे गणित पहिल्यांदा ताणलं जातं ते टेबलापाशी. साध्या ठिकाणी एकच टेबल संध्याकाळी दोनदा-तीनदा फिरतं. एक कुटुंब उठलं की दुसरं बसतं. इथे पाहुणा तीन-चार तास बसतो, म्हणजे ते टेबल रात्रीत एकदाच विकलं जातं. भाडं मात्र तेवढंच, आणि जागा बहुधा शहरातल्या महाग भागात. शिवाय दोन टेबलांमध्ये मोकळी जागा सोडलेली असते. आपण बसत नाही त्या जागेचंही भाडं आपल्याच बिलातून जातं.

दुसरा ताण माणसांचा, आणि तो पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा. युरोपात पूर्वी सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडत आणि ज्याने त्याने घ्यायचे. एकोणिसाव्या शतकात एकामागून एक पदार्थ, प्रत्येकाच्या पुढ्यात, गरम असताना आणून देण्याची पद्धत रुळली. जेवणाऱ्याचं सुख वाढलं आणि वाढप्यांची संख्याही वाढली. पुढे ऑग्युस्त एस्कॉफिए या फ्रेंच शेफने स्वयंपाकघराची कामं वाटून दिली: सॉस एकाकडे, मासे दुसऱ्याकडे, भाजणं तिसऱ्याकडे, गोड पदार्थ चौथ्याकडे. त्यामुळे कामाला शिस्त आली, वेगही आला. पण प्रत्येक जागेवर एक तयार माणूस उभा करणं भाग पडलं, पाहुणे कमी आले तरीही. आज सर्वांत वरच्या पायरीवर जेवणारे आणि राबणारे यांची संख्या जवळपास सारखी असणं मुळीच नवलाचं नाही.

इथे अर्थशास्त्रातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. 1966 साली विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोघांनी संगीत आणि रंगभूमीच्या खर्चाचा अभ्यास मांडला. चार वादकांना एखादी रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी जेवढा वेळ लागत होता तेवढाच आजही लागतो. मधल्या काळात कारखान्यातला कामगार यंत्रांच्या जोरावर तासाला कितीतरी पट माल काढायला लागला आणि त्याचा पगार वाढला. मग वादकाचाही वाढवावा लागला, नाहीतर वादक व्हायला कोण आलं असतं? काम तेवढंच राहिलं, पगार वाढला, म्हणून मैफलीचं तिकीट इतर वस्तूंच्या मानाने महाग होत गेलं. हाताने केलेल्या जेवणालाही हाच नियम लागू होतो. मटाराची सालं एकेक करून काढायला शंभर वर्षांपूर्वी जेवढा वेळ लागायचा तेवढाच आज लागतो. म्हणून "पूर्वी हे इतकं महाग नव्हतं" असं कोणी म्हणालं की मला विचारावंसं वाटतं, पूर्वी ती सालं काढणाऱ्या पोराला काय मिळत होतं?

कच्च्या मालाबद्दल थोडक्यात सांगतो. मासा अख्खा विकत घेतला तरी डोकं, काटे, कातडी आणि कडा काढून एकसारखे तुकडे केले की ताटात येतो तो अनेकदा निम्म्याहून कमी. उरलेल्याचा रस्सा होतो, पण त्याची वेगळी किंमत वसूल होत नाही. ठरलेल्या पदार्थांचा, ठरलेल्या किमतीचा टेस्टिंग मेन्यू हल्ली इतका का फैलावला, त्याचं एक कारण हेच आहे. आज किती माणसं येणार आणि प्रत्येकजण काय खाणार हे आधीच ठरलं की नासाडी घटते. लोक त्याला शेफची लहर समजतात. मला त्यात हिशेबाचा भाग मोठा दिसतो.

एवढी किंमत लावूनही खर्च निघतो का? स्पेनमधलं एल बुली घ्या. फेरान आद्रिया यांच्या या रेस्टॉरंटकडे वर्षाला वीस लाख लोक जागा मागतात असं सांगितलं जायचं; जेवायला मिळायचं सुमारे आठ हजारांना. वर्षातले सहा महिने दार बंद ठेवून नव्या पदार्थांचे प्रयोग चालायचे. इतकी मागणी असलेलं ठिकाण तोट्यात होतं, आणि आद्रिया यांनी ते उघडपणे सांगितलं होतं. तूट भरून निघायची ती पुस्तकं, व्याख्यानं आणि सल्लागारीच्या पैशांतून. 2011 च्या जुलैत ते बंद झालं. जगातली कित्येक नामांकित रेस्टॉरंट मोठ्या हॉटेलांच्या आत असतात, त्यामागेही हेच गणित आहे. रेस्टॉरंटने नाव कमवायचं आणि खोल्यांनी पैसे.

आता मला सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे यायचं आहे. या स्वयंपाकघरांमध्ये स्टाज नावाची प्रथा आहे: शिकायला आलेल्या मुलामुलींनी काही आठवडे किंवा काही महिने राबायचं, बऱ्याचदा एक पैसाही न घेता. मोबदला म्हणून अनुभव आणि बायोडेटामध्ये एक मोठं नाव. एखादा आठवडा बघायला-शिकायला कोणी आलं तर त्याला माझी हरकत नाही. पण रोज बारा-बारा तास पानं निवडणाऱ्या, फुलं चिमट्याने लावणाऱ्या हातांवर रोजची पंगत उठत असेल तर त्याला शिक्षण म्हणणं मला पटत नाही. तो न दिलेला पगार आहे.

कोपनहेगनचं नोमा याचं सर्वांत ठळक उदाहरण. रेने रेडझेपी यांच्या नेतृत्वाखाली 2003 मध्ये सुरू झालेलं हे रेस्टॉरंट जगातल्या पन्नास सर्वोत्तम रेस्टॉरंटांच्या "वर्ल्ड्ज फिफ्टी बेस्ट" यादीत 2010, 2011, 2012, 2014 आणि 2021 असं पाचदा पहिलं आलं. तिथल्या बिनपगारी उमेदवारांची चर्चा झाली आणि 2022 च्या ऑक्टोबरपासून त्यांना पगार द्यायला सुरुवात झाली. त्यामुळे महिन्याचा खर्च निदान 50,000 डॉलरने वाढल्याचं वृत्त होतं. लगोलग 2023 च्या जानेवारीत रेडझेपी यांनी जाहीर केलं की नेहमीचं रेस्टॉरंट म्हणून नोमा बंद करायचं ठरलं आहे. सुमारे शंभर माणसांना रास्त पगार द्यायचा, दर्जा राखायचा आणि लोकांना परवडेल अशी किंमत ठेवायची, या तिन्ही गोष्टी एकत्र जमत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. तिथे त्या वेळी माणशी सुमारे 500 डॉलर पडत होते. तरी पुरत नव्हते! म्हणजे आपण जिला अवाच्या सवा म्हणतो ती किंमतसुद्धा खऱ्या खर्चापेक्षा कमी होती. फरक कोण भरत होतं? वीस-बावीस वर्षांची, फुकट राबणारी मुलं.

म्हणून जेवण महाग आहे एवढ्यावरून मी कोणालाही लुटारू म्हणायला तयार नाही. पण बिलातल्या प्रत्येक ओळीची वकिली करायलाही मी इथे उभा नाही. वाइनचंच बघा. घाऊक भावाच्या तिप्पट किंमत लावणं या धंद्यात सर्रास चालतं. साडेसातशे मिलीलीटरच्या बाटलीतून साधारण पाच ग्लास निघतात, आणि पहिल्याच ग्लासात अख्ख्या बाटलीची घाऊक किंमत वसूल करायची, हा जुना ठोकताळा आहे. जेवणातली तूट पेयांमधून भरून काढतात. जो वाइन घेतो तो न घेणाऱ्याच्या जेवणाचाही थोडा भार उचलतो. हे माहीत असलं की "पेय नको, साधं पाणी द्या" असं म्हणताना संकोच वाटायचं कारण उरत नाही. काही ठिकाणी यजमान सोडून बाकीच्यांना किमती न छापलेला मेन्यू देण्याची रीत आहे. ती मला अजिबात आवडत नाही. आपल्यासाठी किती खर्च होतोय हे माणसाला कळलं पाहिजे.

मिशेलिनच्या ताऱ्यांबद्दलही एक गैरसमज आहे. टायर विकणाऱ्या या कंपनीने 1900 मध्ये मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शिका काढली, 1926 मध्ये उत्तम जेवणाच्या ठिकाणांना तारा द्यायला सुरुवात केली आणि 1931 मध्ये एक-दोन-तीन अशी उतरंड. पुष्कळांना वाटतं की चांदीचे काटे आणि उंची गालिचे असले की तारा मिळतो. मिशेलिनचं स्वतःचं म्हणणं असं आहे की तारा फक्त अन्नाला दिला जातो, सजावटीला नाही. तरीही तारा टिकवण्याच्या धास्तीने मालक कर्ज काढून सजावट करत राहतात आणि ते कर्ज आपण फेडतो. फ्रान्समधले शेफ सेबास्तियँ ब्रा यांनी 2017 मध्ये, तिन्ही तारे हाती असताना, मार्गदर्शिकेतून आपलं नाव काढण्याची विनंती केली. त्या सततच्या दडपणाखाली त्यांना स्वयंपाक करायचा नव्हता. मला त्यांचा हा निर्णय फार मोलाचा वाटतो.

खर्च कमी करायचे प्रामाणिक मार्गही लोकांनी शोधले आहेत. फ्रेंच शेफ जोएल रोबुशाँ 1996 मध्ये निवृत्त झाले आणि 2003 मध्ये परतले ते स्वयंपाकघरासमोर उंच खुर्च्या मांडून. पाहुण्यांना शेफ समोर दिसायला लागला, आणि टेबलांमधल्या येरझाऱ्याही घटल्या. शिकागोत 2011 मध्ये ग्रँट अकॅट्झ आणि निक कोकोनास यांनी "नेक्स्ट" नावाचं रेस्टॉरंट सुरू केलं, तिथे नाटकासारखी तिकिटं आधी विकली. शनिवारी रात्री महाग, मधल्या वारी स्वस्त. जागा राखून न येणाऱ्यांचं नुकसान येणाऱ्यांच्या माथी मारायला मग कारण उरलं नाही. असं आधी पैसे भरणं पुष्कळांना रुचत नाही, मला मात्र ते न्याय्य वाटतं. आणि ज्यांना एकदा तरी हा अनुभव घ्यायचाय त्यांनी दुपारचं जेवण बघावं. तेच स्वयंपाकघर, तेच हात आणि बहुतेक ठिकाणी किंमत बरीच कमी, कारण दुपारची रिकामी खुर्ची मालकालाही परवडत नाही.

शेवटी सेवा शुल्क आणि टिप. अमेरिकेत टिप घेणाऱ्या कामगारांसाठी मालकाने द्यायचं केंद्रीय किमान वेतन 1991 पासून तासाला 2.13 डॉलरवर थांबलेलं आहे. बाकीचं मुख्यतः पाहुण्यांच्या टिपमधून यायचं. काही राज्यांनी स्वतःचे दर वाढवले, सगळ्यांनी नाही. न्यूयॉर्कच्या डॅनी मेयर यांनी 2015 मध्ये आपल्या रेस्टॉरंटांमधून टिप काढून टाकायला सुरुवात केली आणि पगाराचा खर्च किमतीत धरला. छापील किमती वाढल्या, लोक बिचकले, काही वाढपी सोडून गेले आणि 2020 मध्ये तो प्रयोग गुंडाळावा लागला. ब्रिटनने कायद्याची वाट धरली. 1 ऑक्टोबर 2024 पासून तिथे टिप आणि सेवा शुल्काची सगळी रक्कम कामगारांना वाटणं मालकांवर बंधनकारक झालं आहे. जिथे असा कायदा नाही तिथे, बिलावर सेवा शुल्काची ओळ दिसली की हे पैसे कोणाला जातात एवढं वाढप्याला विचारायला हरकत नाही. तो सांगेल. त्याच्या हातात त्यातलं काही पडत नसेल, तर ती ओळ काढायला सांगा आणि तेवढी रक्कम त्याच्या हातात द्या.