पाणी आजवर का आलं नाही?

अध्यक्षमहोदय आणि मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘अनुमानाला आधार काय?’ कालपर्यंत जे घडलं ते उद्याही घडेल, असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो? या प्रश्नावर बोलताना डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञापासून सुरुवात करायची रीत आहे. ती मी आज मोडणार आहे. ह्यूमचा ग्रंथ 1739 सालचा. त्याच्या कितीतरी शतकं आधी, डोळ्यांना दिसेल तेवढंच मानणाऱ्या चार्वाकांनी हाच प्रश्न नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांना, विचारला होता, आणि नैयायिकांनी तो टाळला नाही. आपल्याकडे तर्कशास्त्र शिकलेल्या मुलांनासुद्धा हे ठाऊक नसतं, याचा मला मनापासून राग येतो.

चार्वाक म्हणतो, धूर दिसला की तिथे विस्तव आहे असं तुम्ही सांगता. धूर आणि विस्तव यांची ही कायमची सांगड, म्हणजे व्याप्ती, तुम्हाला कळली कुठून? डोळ्यांनी म्हणाल, तर डोळ्यांना समोरचं आणि आत्ताचं तेवढंच दिसतं. अनुमानाने म्हणाल, तर त्या अनुमानाला दुसरी व्याप्ती लागेल, तिला तिसरी. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रहा’चं पहिलंच प्रकरण चार्वाकाला दिलं आणि त्यात हा युक्तिवाद मांडला. न पटणाऱ्या माणसाचं म्हणणं इतक्या नेटकेपणाने मांडायचं, ही केवढी मोठी गोष्ट! शास्त्रात उदाहरण स्वयंपाकघराचं देतात. आता घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर इंडक्शनच्या शेगडीवर फोडणी करपते. धूर आहे, विस्तव नाही. हसताय, पण चार्वाकाला नेमकं हेच हवं होतं!

आता एक ठाण्यातलीच गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. 2005च्या मे महिन्यात आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा भरली होती. विषय साधा होता: विजेचे मीटर आणि पाण्याचा पंप जमिनीलगतच्या खोलीतून उचलून वर ओट्यावर घ्यायचे का? खर्चाचा अंदाज वाचून दाखवला, आणि एक ज्येष्ठ सभासद उठले. ‘बावीस वर्षं इथे राहतोय, कितीही पाऊस होऊ दे, आवारात पाणी आलेलं नाही.’ टाळ्या पडल्या. कुणी म्हणालं, आमच्या वडिलांच्या वेळेपासून नाही. जो तो आपापली वर्षं मोजून सांगू लागला, जणू वर्षांची बेरीज झाली की पाऊस ऐकणार होता. तेवढ्यात तळमजल्यावरच्या एक ताई उभ्या राहिल्या. ‘आजवर का आलं नाही, ते कुणी बघितलंय का?’ त्यांचं म्हणणं असं, की पाणी आलं नाही कारण मागचा नाला रुंद होता. येऊरच्या डोंगरावरून येणारं पाणी त्यातून सरळ खाडीला जायचं. आता वरच्या अंगाला बांधकामं झालीत, नाल्यात राडारोडा पडलाय, अर्धा नाला बुजलाय. मी अनुमोदन दिलं. ठराव पडला.

26 जुलैच्या रात्री मीटरच्या खोलीत छातीइतकं पाणी होतं. पुढचे काही दिवस दिवे नाहीत, पंप नाही. गुडघे धरलेली माणसं बादल्या घेऊन जिने चढत होती. सोसायटीच्या कपाटातली इतिवृत्ताची वही भिजली, ती मी गच्चीवर वाळवली. शाई फुटली होती, पानं एकमेकांना चिकटली होती, पण एक वाक्य स्वच्छ वाचता येत होतं: ‘आजवर आवारात पाणी आलेले नाही, सबब सदर खर्च अनावश्यक आहे.’ त्या ‘सबब’वर मला आजचं सगळं व्याख्यान देता आलं असतं. त्याच चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, आणि कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. नैयायिक म्हणतात ना, शंका देशांतराची आणि कालांतराची असते, म्हणजे दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या वेळी असंच असेल का याची! एकाच शहराच्या दोन टोकांना ती खरी ठरली.

चिठ्ठी आलीय, थोडीच मिनिटं उरलीत. भराभर सांगतो.

ह्यूमचा पेच असा. उद्या सूर्य उगवणार नाही, या कल्पनेत आत्मविरोध काहीच नाही, म्हणजे निव्वळ तर्काने ती खोडता येत नाही. निसर्ग आजवर एकसारखा वागला म्हणून पुढेही वागेल म्हणाल, तर जे सिद्ध करायचं तेच धरून चाललात. ह्यूम शेवटी म्हणाला, ही मनाची सवय आहे.

नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त दुसरी वाट धरली. दुसऱ्या देशाची, पुढच्या काळाची शंका घ्यायची तर ते देश-काळ तुम्ही आधी अनुमानानेच मानलेत. शिवाय शंका तुमच्या स्वतःच्या वागण्याला छेद देईपर्यंतच चालते. तिथे ती थांबते. गंगेश या नंतरच्या नैयायिकांनी पुढे हे उलगडलं: धूर हवा म्हणून विस्तव पेटवणारा, तृप्तीसाठी जेवणारा, दुसऱ्याला कळावं म्हणून बोलणारा माणूस त्याच संबंधावर शंका कशी घेईल?

आणि माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे उपाधी, नियमामागे दडलेली अट. विस्तव तिथे धूर, हे खोटं. धुराला ओलं सरपण लागतं. ती अट सापडली की कळतं, आपला नियम कुठवर चालेल. आमच्या सभेत बावीस वर्षं मोजली गेली, आणि नाला मोकळा असणं ही उपाधी एकट्या ताईंनी शोधली. अनुमान दोघांनीही भूतकाळावरूनच केलं. मोजण्यापेक्षा अट शोधणं श्रेष्ठ आहे, हा माझा आजचा दावा.

याने ह्यूम निरुत्तर होतो का? होत नाही. न सापडलेली उपाधी असू शकेल, ही शंका उरते. आणि माणूस विश्वासाने वागतो म्हणून जग तसं असतं का? बाराव्या शतकात श्रीहर्ष या वेदान्ती पंडिताने उदयनांचाच श्लोक फिरवून त्यांच्यावर उलटवला: छेद जातो म्हणता, तर छेद जायला आधी शंका असायलाच हवी! गंगेशांनी त्यावर दिलेलं उत्तर मला पुरेसं वाटतं, पण ते मांडायला आता वेळ नाही. मागच्या रांगेत एक हात वर आहे, माईक आधी तिकडे द्या.