मेडलच्या कडेवरचं नाव

ही कड नीट बघा. पहिल्या महायुद्धातलं व्हिक्टरी मेडल आहे हे, ब्राँझचं. पुढच्या बाजूला पंखवाली विजयाची देवी आहे पण आत्ता आपल्याला कडच बघायचीय, कारण ती उजेडात अशी तिरकी धरली की बारीक इंग्रजी अक्षरं वर येतात. आधी नंबर, मग हुद्दा, मग माणसाचं नाव आणि शेवटी पलटण, 117 मराठाज.

अशी दोन मेडलं ह्या ट्रंकेत आहेत. एक आमच्या पणजोबांचं, दुसरं त्यांच्या धाकट्या भावाचं. चांदीचीही दोन होती, ती आजोबांच्या बहिणीच्या लग्नात सोनाराकडे गेली आणि जोडवी-पैंजण होऊन घरी आली. साताऱ्याकडच्या बऱ्याच घरांत हेच झालंय. चांदी मोडली आणि ब्राँझला कुणी विचारलं नाही म्हणून ते राहिलं.

जमीन जिरायती, खाणारी तोंडं जास्त, आणि शिपायाला महिन्याला 11 रुपये रोख मिळायचे, म्हणून दोघं भाऊ पाठोपाठ इंग्रजांच्या फौजेत भरती झाले. पलटण होती सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये. नाव पुण्याचं, पण ऑक्टोबर 1914 मध्ये ही माणसं मुंबईहून बोटीनं निघाली ती नोव्हेंबरमध्ये आखाताच्या टोकाला फाओच्या बाजूला उतरली, आजच्या इराकमध्ये, तेव्हा तो मुलूख तुर्कांचा. तिथून बसरा, मग तैग्रिस नदीच्या काठाकाठानं वर वर, बगदादच्या दिशेनं, वर्षभर.

22 नोव्हेंबर 1915 ला टेसिफॉनची लढाई सुरू झाली. बगदाद अगदी टप्प्यात आलं होतं. तिथं पणजोबांच्या मांडीत गोळी घुसली. जखमींना न्यायला होत्या खेचरांच्या गाड्या, बिनस्प्रिंगच्या, आणि रस्ता म्हणजे उखडलेली कोरडी माती, तशा गाडीतून नदीपर्यंत आणि मग बोटीतून खाली बसऱ्याला. आत्या लहान असताना त्यांनी पणजोबांना बघितलंय. त्या सांगतात की यात्रेला निघालं की सगळं घर बैलगाडीत बसायचं आणि म्हातारा मात्र काठी टेकत, लंगडत, चाकाच्या बाजूनं चालायचा. कितीही आग्रह करा, गाडीत बसायचे नाहीत. का, ते त्यांनी घरात कधी कुणाला सांगितलं नाही, आम्हाला ते लढाईची माहिती वाचताना कळलं.

पण त्या गोळीनंच ते वाचले. कारण बाकीची फौज मागे हटत कूत-अल-अमारा गावात शिरली आणि 7 डिसेंबरला तुर्कांनी वेढा घातला. धाकटे आत होते. 147 दिवस. जवाच्या पिठाचं रेशन महिन्यामहिन्याला कमी होत गेलं, घोडे कापायला लागले, आणि आपल्यातल्या कितीतरी शिपायांनी ते मांस खायला नकार दिला, धर्म बुडेल, गावात परत तोंड कसं दाखवणार म्हणून. वेढा फोडायला खालून आलेल्या फौजेची हजारो माणसं पडली तरी तो फुटला नाही. 29 एप्रिल 1916 ला कूत पडलं, साधारण 13 हजार माणसं कैद झाली आणि वाळवंटातून चालवत उत्तरेला नेली. पलटणीला पुढे 'रॉयल' ही पदवी मिळाली.

धाकटे परत आले नाहीत. त्यांच्या बायकोनं ह्याच घरात जन्म काढला, हा त्यांचा एकच फोटो.

आता हा दगड. चावडीच्या भिंतीत बसवलाय, ऑइलपेंटचे थर चढलेत, पण बोट फिरवलं की अक्षरं लागतात. ह्या गावातून महायुद्धाला किती माणसं गेली आणि किती मेली. दोन आकडे, बस. असे दगड आपल्याकडे गावोगाव आहेत, साताऱ्याकडच्या एकट्या अपशिंगे गावातले 46 जण त्या युद्धात मेले. 1929 मध्ये बसऱ्याला मोठं स्मारक उभारलं, 40 हजारांवर माणसांचं, तिथंही अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि आपल्या शिपायांचे मात्र पलटणीप्रमाणे नुसते आकडे. शंभर वर्षांपूर्वी आकडा लिहिला आणि आपणही तेवढ्यावरच थांबलो, हे आम्हाला पटत नाही.

नावं मिळतात, खरंच मिळतात. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर पलटण आणि नंबर टाकून शोधा, पुष्कळ शिपायांपुढे बापाचं नाव आणि गावही सापडतं, स्पेलिंग मात्र चार प्रकारे करून बघावं लागतं. त्यासाठी कड वाचता आली पाहिजे, म्हणून एक कळकळीची विनंती, घरात मेडल असेल तर दसऱ्याला भांड्यांबरोबर चिंच-मीठ लावून घासू नका. आमच्या पणजोबांच्या मेडलवरचे शेवटचे दोन आकडे तसेच गेलेत.

धाकट्यांचं मात्र कुणी घासलं नव्हतं. ते आता आत्यांच्या हातात आहे. चष्मा पुसून झाला की त्या एकेक अक्षर लावून वाचतील.

वाचा आत्या, जरा मोठ्यानं.