पंधराव्या वर्षी न दिसलेली कामं

(परदेशातल्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषणाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी.

मोठेपणी कोण होणार, हा प्रश्न आपण सगळेच मुलांना विचारतो, उत्तराचं कौतुक करतो आणि दुसऱ्या विषयाकडे वळतो. उत्तर देणारं मूल मात्र ते विसरत नाही. वीस-पंचवीस वर्षांनी, कधी नोकरीतला एखादा वाईट दिवस सरल्यावर, कधी जुन्या वर्गमित्राची बातमी कळल्यावर, तेच उत्तर समोर येऊन उभं राहतं आणि विचारतं, माझं काय झालं? आज याच विषयावर बोलायचं ठरवलं, कारण प्रश्न विचारणारे आणि उत्तर देणारे दोघंही या सभागृहात बसले आहेत. पुढच्या रांगांतल्या मुलांना विनंती, की हे भाषण फक्त आईबाबांसाठी आहे असं समजू नका.

‘पिसा’ नावाची एक आंतरराष्ट्रीय चाचणी आहे. ओईसीडी ही मुख्यतः विकसित देशांची संघटना २००० सालापासून जगभरातल्या पंधरा वर्षांच्या मुलांची ती घेते. गणित, विज्ञान आणि वाचनाबरोबर मुलांना असंही विचारलं जातं, की तिशीच्या सुमारास तुम्ही कोणतं काम करत असाल असं तुम्हाला वाटतं? २०१८ च्या फेरीतली उत्तरं २०२० मध्ये एका अहवालात प्रसिद्ध झाली. ४१ देशांतल्या मुलग्यांपैकी ४७ टक्क्यांची आणि मुलींपैकी ५३ टक्क्यांची उत्तरं अवघ्या दहा-दहा व्यवसायांत मावली. डॉक्टर, शिक्षक, वकील, आर्किटेक्ट, पोलिस अधिकारी असे ते व्यवसाय. २००० मध्ये हेच प्रमाण मुलग्यांत ८ आणि मुलींत ४ टक्क्यांनी कमी होतं. मधल्या काळात इंटरनेट घरोघरी पोचलं, कितीतरी नवी कामं जन्माला आली, आणि मुलांची स्वप्नं मात्र आणखी थोड्या व्यवसायांभोवती गोळा झाली.

मला यात मुलांचा दोष दिसत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला काम करताना दिसतं तरी कोण? शाळेत शिक्षक, आजारपणात डॉक्टर, पडद्यावर वकील, पोलिस आणि खेळाडू. ज्यांच्या कामावर एखादं शहर चालतं त्यातली बहुतेक माणसं बंद दारांमागे असतात. जे कधी पाहिलंच नाही त्याचं स्वप्न कुणाला पडणार?

मला स्वतःला त्या वयात वैमानिक व्हायचं होतं. विमानांची चित्रं वह्यांवर चिकटवलेली असायची, इंजिनांची नावं तोंडपाठ होती. हे स्वप्न माझ्यापासून कुणी हिरावून घेतलं नाही. घरातून कुणी नाही म्हटलं नाही, कुठल्या परीक्षेत मी नापास झाले नाही. बारावीनंतर खर्चाचा विषय निघाला, तो ‘पुढच्या वर्षी बघू’ वर थांबला, दरम्यान सिव्हिल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि ते पुढचं वर्ष काही उजाडलं नाही. लोकांशी बोलताना मला जाणवतं, की बहुतेकांची स्वप्नं अशीच हळूहळू मागे पडतात. कोणत्या दिवशी ती सुटली हे सांगता येत नाही, म्हणून त्यांचं दुःखही धड करता येत नाही. मग चाळिशीत कधीतरी वाटायला लागतं, की आपण कुठेतरी कमी पडलो.

मी आज पाणी शुद्ध करण्याच्या कामात आहे. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात नदीचं पाणी येतं, आणि वरच्या भागात जोराचा पाऊस झाला की ते एका रात्रीत गढूळ होतं. तुरटीच्या जातीचं रसायन घालून गाळ खाली बसवायचा, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. प्रश्न असतो तो किती घालायचं याचा. कमी पडलं तर गाळ तसाच राहतो, जास्त झालं तर पाण्याचा गुण बिघडतो आणि रसायनाचा अंश उरतो. त्यासाठी आम्ही जार टेस्ट करतो. सहा भांड्यांत नदीचं तेच पाणी घ्यायचं, प्रत्येकात रसायनाची मात्रा थोडी वाढवत न्यायची. सहाही भांड्यांतली पाती एकदम सुरू होतात, मिनिटभर जोरात आणि मग पंधरा-वीस मिनिटं अगदी संथ. त्या संथ फिरण्यात पाण्यात हालचाल दिसायला लागते. आधी नुसता धुरकटपणा, मग डोळ्यांना जेमतेम दिसणारे कण, मग ते कण एकमेकांना धरून कापसाच्या पुंजक्यांएवढे होतात. पाती थांबतात. एका भांड्यात पुंजके भराभर तळाशी जातात आणि वरचं पाणी निवळशंख होतं. शेजारच्या भांड्यात रसायन किंचितच कमी असतं, तिथे ते तरंगत राहतात. त्या दोन भांड्यांकडे बघून संपूर्ण केंद्राची मात्रा ठरवायची असते, आणि तेही सकाळी लोकांनी नळ सोडायच्या आत.

हे काम मला मनापासून आवडतं. पंधराव्या वर्षी कुणी सांगितलं असतं, की तुला पाणी निवळताना बघण्यात आनंद मिळणार आहे, तर मला वाईटच वाटलं असतं. कारण संथ गोष्टी टक लावून बघायला मला आवडतात, निर्णयाची जबाबदारी अंगावर आली की माझं डोकं शांत होतं, आणि केलेलं काम कुणाच्या नजरेला पडलं नाही तरी मला चालतं, हे मला स्वतःबद्दल तेव्हा माहीतच नव्हतं. माहीत असायचं कारणही नव्हतं. अशा गोष्टी काम हातात घेतल्यावरच कळतात.

२०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात १८ ते ६८ वयाच्या १९ हजारांहून अधिक लोकांचा एक अभ्यास छापून आला. त्यात असं दिसलं, की गेल्या दहा वर्षांत आपण बरेच बदललो हे प्रत्येक वयाची माणसं कबूल करतात, पण पुढच्या दहा वर्षांत फारसे बदलणार नाही असंही त्यांना वाटतं. तरुणांना तसं वाटतं आणि साठी ओलांडलेल्यांनाही वाटतं. जिथे मोठ्यांनाच आपण पुढे कसे असू हे नीट दिसत नाही, तिथे दहावीतल्या मुलाने ते अचूक ओळखावं अशी अपेक्षा आपण कशाच्या जोरावर करतो?

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट मला या संदर्भात फार महत्त्वाची वाटते. त्यांना चित्रकार व्हायचं होतं. १८८५ मध्ये, सोळाव्या वर्षाच्या आसपास, ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे लक्षात आलं, की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार होऊ पाहणाऱ्या मुलाला याहून मोठा धक्का कोणता असेल? त्यांनी रंग सोडले आणि यंत्रांची रेखाचित्रं काढायला शिकले, पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. मग बेळगावात सायकलींचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं, लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. या गोष्टीचा शेवट सगळ्यांना ठाऊक आहे. मला रेंगाळावंसं वाटतं ते सुरुवातीपाशी. जे. जे.मध्ये बसलेल्या त्या मुलाला कुणी सगळ्या व्यवसायांची यादी दिली असती, तरी लोखंडी नांगर बनवणारा भारतीय कारखानदार हा व्यवसाय त्या यादीत नसता. जे काम त्यांनी पुढे केलं ते त्यांनीच आधी उभं केलं.

काही कामं मात्र डोळ्यांसमोर असूनही मुलांच्या मनातून पुसली जातात. लिंडा गॉटफ्रेडसन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८१ मध्ये यावर एक सिद्धांत मांडला. मुलं फार लवकर एकेक काम स्वतःच्या यादीतून खोडत जातात, असं त्या म्हणतात. सहा ते आठ वर्षांच्या सुमारास ‘हे मुलींचं काम, हे मुलग्यांचं काम’ या हिशेबाने, आणि साधारण नऊ ते तेरा या वयात ‘आपल्यासारख्यांना हे शोभेल का, झेपेल का’ या हिशेबाने. म्हणजे आपण पंधराव्या वर्षी कौतुकाने प्रश्न विचारतो तोवर मुलाच्या हातात उरलेली यादी बरीच छोटी झालेली असते, आणि ती आपल्याच बोलण्यातून छोटी झालेली असते. प्लंबर घरी येऊन गेल्यावर आपण मुलांदेखत काय बोललो, हे एकदा आठवून बघावं.

आता ज्यांचं स्वप्न एका दारापाशी खरोखरच अडलं, त्यांच्याबद्दल. डॉ. अब्दुल कलामांना लढाऊ विमानाचा वैमानिक व्हायचं होतं. डेहराडूनला हवाई दलाच्या निवडीत ते नववे आले, जागा आठ होत्या. पुढे रॉकेट, क्षेपणास्त्रं, राष्ट्रपतिपद, आणि २००६ मध्ये पुण्याहून सुखोई-३० मधून केलेलं उड्डाण. ही गोष्ट आपण कायम एकाच सुरात सांगतो, की बघा, नाही मिळालं ते बरंच झालं! मला तो सूर पटत नाही. त्या दिवशी त्या तरुणाला जे दुःख झालं ते खरं होतं, त्यांनी स्वतः ते लिहून ठेवलं आहे. शिवाय नवव्या नंबरवर राहणारा प्रत्येक जण राष्ट्रपती होत नाही. बाकीचे कुठेतरी नोकरी करतात, संसार करतात, कधी आकाशात आवाज झाला की मान वर करून बघतात. त्यांची आयुष्यं कमी दर्जाची नाहीत, पण त्यांचं काही हरवलं नाही असंही म्हणता येणार नाही.

आपल्या मंडळात हे वेगळं सांगायला नको. इथे अशा कितीजणी आहेत ज्या जोडीदाराच्या व्हिसावर आल्या आणि ज्यांना काही काळ काम करायची परवानगीच नव्हती. डॉक्टर होऊन आलेल्यांना पुन्हा परीक्षा, पुन्हा प्रशिक्षण, आणि नेमकी तेव्हाच मुलं लहान. परवानगी मिळेपर्यंत शिक्षण जुनं झालेलं. अशा बाईला ‘जे होतं ते चांगल्यासाठीच’ असं कृपा करून म्हणू नका. माझ्या ओळखीच्या एक ताई सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. देश बदलला आणि ते सुटलं. आता त्या शाळेत विशेष गरजा असलेल्या मुलांबरोबर काम करतात. त्या म्हणतात, “हे काम मी आता कशासाठीही सोडणार नाही, आणि प्रयोगशाळेची आठवण मला रोज येते.” दोन्ही गोष्टी त्या एका दमात सांगतात. त्यातली एक खोडून टाकायला त्या तयार नाहीत, आणि मला त्यांचं हे फार पटतं.

काही जण जुनं स्वप्न नोकरीच्या कडेला जपून ठेवतात. सी. व्ही. रामन १९०७ मध्ये सरकारच्या वित्त खात्यात लागले, कारण विज्ञानावर पोट भरेल अशा जागाच तेव्हा फारशा नव्हत्या. कलकत्त्यात ऑफिसच्या आधी आणि ऑफिस सुटल्यावर ते प्रयोगशाळेत जायचे. १९१७ मध्ये कमी पगाराची प्राध्यापकी पत्करून ते पूर्ण वेळ विज्ञानाकडे आले. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, १९६९ मध्ये चाळिशी उलटल्यावर पूर्ण वेळ रंगभूमीवर आले. अशी उडी सगळ्यांनी घ्यावी असं मी म्हणणार नाही. आपल्या मंडळाच्या नाटकात रंगमंचावर उभं राहणारी माणसं दिवसा हिशेब तपासतात, सॉफ्टवेअर लिहितात, रुग्णांचं रक्त घेतात. त्यांचं नाटक संध्याकाळचंच राहिलं म्हणून ते अर्धवट ठरत नाही. आवडती गोष्ट पोटापाण्याला जुंपली नाही म्हणूनच ती टिकली, अशी माणसं मी बरीच पाहिली आहेत.

मुलांनो, तुम्ही आज मनाशी जे ठरवलं असेल ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. वैमानिक व्हायचं असेल तर त्यासाठी जीव तोडून मेहनत करा, माहिती काढा, खर्चाचं वेळेत विचारा, ‘पुढच्या वर्षी’ वर सोडू नका. फक्त त्याच वेळी त्या कामातलं नेमकं काय तुम्हाला खुणावतं हेही स्वतःला विचारत राहा. यंत्र? गणवेश? लोकांचं कौतुक? घरापासून लांब जाणं? मला वाटतं मला लांब जाणंच हवं होतं, आणि ते मला वेगळ्या वाटेने मिळालं.

पालकांना एकच विचारते. आई-बाबा दिवसभर नेमकं काय करतात, हे आपल्यातल्या किती जणांच्या मुलांना सांगता येईल? ‘कॉम्प्युटरवर असतात’, ‘मीटिंगा असतात’, यापलीकडे बहुतेकांना काही सांगता येत नाही, कारण आपण घरी येऊन कामाबद्दल बोलतो ते फक्त कुरकुरीपुरतं. आपल्या वाटेत आलेली वळणं तर आपण सांगतच नाही. मुलांना वाटतं आपण सरळ चालत इथवर आलो.

म्हणून कार्यकारिणीकडे मी एक मागणी केली आहे आणि त्यांनी ती मान्य केली आहे. पुढच्या मेळाव्यात एक दुपार मुलांसाठी ठेवायची. यशोगाथा नकोत, सत्कार नकोत. आपल्यातल्या आठ-दहा जणांनी आपल्या कामातली एखादी वस्तू घेऊन यायची आणि गेल्या आठवड्यात प्रत्यक्ष काय केलं ते मुलांना दाखवायचं. नोकरी गेली असेल, मध्येच क्षेत्र बदललं असेल, पंधराव्या वर्षी भलतंच काही व्हायचं असेल, तर तेही सांगायचं. मी सहा भांडी आणि बादलीभर गढूळ पाणी आणणार आहे. निवृत्त काका-काकूंनी तर नक्की यावं, कारण आज कुठेच उरली नाहीत अशी कामं तुम्ही केली आहेत आणि ती मुलांना दुसरं कोण दाखवणार? नावं आज निघण्याआधी सचिवांकडे द्या.