छत्र एक, प्रश्न दोन

श्रोतेहो, नमस्कार. एलजीबीटीक्यू ही अक्षरे आपण एका दमात उच्चारतो. त्यांपैकी पहिली तीन (लेस्बियन, गे, बायसेक्शुअल) माणसाचे प्रेम कोणावर जडते हे सांगतात, तर ‘टी’ (ट्रान्सजेंडर म्हणजे पारलिंगी) हे अक्षर माणूस स्वतःला कोण म्हणून ओळखतो हे सांगते. पारलिंगी स्त्रीचे, म्हणजे जन्मतः पुरुष मानल्या गेलेल्या पण स्वतःला स्त्री म्हणून ओळखणाऱ्या व्यक्तीचे, प्रेम पुरुषावर असेल, स्त्रीवर असेल किंवा कोणावरही नसेल. मग हे दोन प्रश्न एका छत्राखाली आले कसे?

ते पोलिसांच्या दंडुक्यामुळे आले, असे मला वाटते. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोमध्ये दुसऱ्या लिंगाचा पोशाख करणे हा १८६३ पासून १९७४ पर्यंत गुन्हा होता. कोण कोणावर प्रेम करतो याची चौकशी न करता, पुरुषासारखा पुरुष किंवा बाईसारखी बाई न दिसणाऱ्या कोणालाही अशा कायद्याखाली पकडता येई. त्याच शहरातील कॉम्प्टन कॅफेटेरियात १९६६ साली पोलिसांना उलट उत्तर दिले ते प्रामुख्याने पारलिंगी स्त्रियांनी. न्यूयॉर्कमधील स्टोनवॉल या बारवरच्या पोलिसी छाप्याविरुद्धचा प्रसिद्ध उठाव त्यानंतर तीन वर्षांनी झाला.

पुढचा इतिहास मात्र मनाला लागतो. बेघर मुलांना आसरा देणाऱ्या पारलिंगी कार्यकर्त्या सिल्व्हिया रिव्हेरा १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या अभिमान (प्राइड) मेळाव्यात, तुरुंगात खितपत पडलेल्या आपल्या माणसांविषयी बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांची हुर्यो उडवणारा जमाव परका नव्हता, चळवळीतलाच होता. २००७ साली नोकरीतील भेदभावाविरुद्धच्या विधेयकातून लिंगओळखीचे कलम वगळले गेले आणि केवळ लैंगिक कलाला संरक्षण देणारा मसुदा अमेरिकी प्रतिनिधिगृहाने मंजूर केला. पारलिंगी लोकांनी थोडे थांबावे, त्यांची पाळी नंतर येईल, असे सांगण्यात आले. इतके करूनही त्या विधेयकाचा कायदा झालाच नाही.

ज्यांना आधी हक्क मिळतील असे वाटत होते, त्यांचे आणि थांबवलेल्यांचे उत्तर अखेर एकत्रच आले. १५ जून २०२० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन खटल्यांचा एकच निकाल दिला. दोन खटले समलिंगी पुरुषांचे होते. तिसरा होता एमी स्टीफन्स यांचा. यापुढे स्त्री म्हणून कामावर येईन, असे कळवल्यावर त्यांची नोकरी गेली होती. पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषाला काढणे आणि स्त्री म्हणून जगू पाहणाऱ्या एमींना काढणे, हे दोन्ही लिंगाधारित भेदभावच ठरतात, असे न्यायालयाने ठरवले. तो निकाल ऐकायला एमी नव्हत्या. महिनाभरापूर्वीच त्यांचे निधन झाले होते.