वाडा बघायचा तर मागच्या दाराने

मंडळी, आधीच सांगतो, मी काही इतिहासाचा प्राध्यापक वगैरे नाही, आयर्लंडमध्ये डब्लिनजवळ बारा वर्षं नोकरी केली आणि सुट्टी मिळाली की गाडी काढून वाडे बघत हिंडलो, एवढंच माझं क्वालिफिकेशन. वाडे म्हणतोय कारण तिकडची माणसंही जमीनदाराच्या अशा घराला नुसतं 'बिग हाऊस' म्हणतात, आणि आपल्याकडे 'वाड्यावर बोलावलंय' म्हणताना आवाज जरा खाली जायचा ना, तसंच काहीसं त्यात आहे. नावात कॅसल असलं म्हणून तट-बुरूज असतीलच असं नाही हां. खरा किल्ला बघायचा तर मीथ काउंटीतला ट्रिम, नॉर्मन लोकांनी 1170 च्या दशकात बांधायला घेतलेला.

टूरिस्टच्या बसेस जातात पॉवर्सकोर्टला, विकलोमध्ये. जाच तुम्ही, मी नाही म्हणत नाही. 1731 ते 41 मध्ये बांधलेलं घर, 1974 च्या आगीत आतून खाक झालं, म्हणून लोक बागेसाठीच येतात. बाग टप्प्याटप्प्याने खाली तळ्यापर्यंत उतरते आणि समोर शुगरलोफ डोंगर असा काही बसलाय की वाटतं तोही मालकाने ऑर्डर देऊनच मागवला असणार. पण मी दरवेळी जातो ते पाळीव प्राण्यांच्या स्मशानात. तिथे युजेनी नावाच्या जर्सी गायीचा दगड आहे, 17 वासरं आणि 1 लाख गॅलनांच्या वर दूध, असा तिचा हिशेब कोरून ठेवलाय. गायीची इतकी नोंद ठेवणारी ही माणसं, मग पंक्तीला वाढणाऱ्यांची, चुली पेटवणाऱ्यांची नोंद कुठे असेल, हे डोक्यात आलं आणि तिथून माझं वाडे बघणंच बदललं.

त्यासाठी रॉसकॉमनमधल्या स्ट्रोक्सटाउनला चला. तिथलं स्वयंपाकघर आधी बघा, दिवाणखाना नंतर. खाली शेगड्या, भिंतीला टांगलेली भांडी, आणि वर लाकडी कठड्याचा सज्जा. बाईसाहेब म्हणे दर सोमवारी या सज्ज्यावरून आठवड्याचा मेनू लिहिलेला कागद खाली टाकायच्या, म्हणजे खाली उतरायला नको, आचाऱ्याशी बोलायला नको आणि चुलीचा धूर तर नकोच नको. मी खाली उभा राहून वर बघितलं तर आपोआप मान अशी मागे जाते, देवळात कळस बघतो तशी. शिवाय नोकरांसाठी भुयार आहे, बागेत फिरणाऱ्या पाहुण्यांना ये-जा करणारी माणसं दिसू नयेत म्हणून!

आता गंमत बघा, 1979 मध्ये हा वाडा घेतला कोणी, तर गावातल्याच एका गॅरेजवाल्याने, त्याला ट्रकसाठी जागा हवी होती. इस्टेटीच्या ऑफिसात कागद चाळताना त्याला 1846 चा एक अर्ज सापडला, बटाट्याचं पीक सडल्यावर उपाशी कुळांनी मालकाकडे काम मागितलेला. तो कागद बघून त्याने वाडा तसाच ठेवायचं ठरवलं आणि 1994 मध्ये तिथे दुष्काळाचं म्युझियम उघडलं. त्या अर्जाच्या पुढच्याच वर्षी, 1847 मध्ये, तेव्हाचा मालक मेजर डेनिस मॅहनने 1490 कुळांना कॅनडाला धाडलं, ती बायकापोरांसकट कालव्याच्या काठाने डब्लिनपर्यंत चालत गेली, 165 किलोमीटर. पुढे जहाजांवर तापाने शेकड्यांनी मेली. त्याच नोव्हेंबरात मॅहनला गोळी घालून मारलं. हे सगळं त्याच वाड्यात सांगतात, झुंबराखाली उभं राहून, हे मला फार आवडलं.

आपल्याला दुष्काळी कामं माहितीयेत, बहात्तरला खडी फोडलेली माणसं अजून आहेत घरोघरी. तिकडे 1740 च्या भयंकर थंडीत पीक गेल्यावर कॅसलटाउनच्या विधवा मालकीणबाई कॅथरीन कॉनोली यांनी लोकांना मजुरी मिळावी म्हणून कमानींवर कमानी रचून एक उंचच उंच बांधकाम करून घेतलं. उपयोग शून्य. खडी फोडली की निदान रस्ता तरी होतो.

आणि एक टिप, खासगी वाडेही बघा. वर्षातले किमान 60 दिवस लोकांसाठी घर उघडं ठेवलं तर मालकाला दुरुस्तीच्या खर्चावर टॅक्समध्ये सूट मिळते, म्हणून कधीकधी दार उघडायला मालक स्वतः येतो, भोकं पडलेल्या स्वेटरमध्ये, आणि छप्पर गळण्याबद्दल तासभर बोलतो. आधी फोन करून जा, मी एकदा न विचारता गेलो आणि मधोमध गवत उगवलेल्या गल्लीतून, ट्रॅक्टर पुढ्यात असताना, अर्धा मैल रिव्हर्स गाडी घेतलीये.

शेवटचं ठिकाण डँगन, मीथमध्येच. आर्थर वेलस्लीचं लहानपण इथे गेलं, होय तोच, पुढे वेलिंग्टन झालेला, ज्याने 1803 मध्ये आधी नगरचा किल्ला घेतला आणि मग जालन्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांना हरवलं. आता नुसत्या भिंती आहेत, छप्पर नाही. मी गेलो तेव्हा बरोबर भोकरदनचा एक मित्र होता, असई त्याच्या गावापासून जवळच. त्याने रस्त्यावरूनच फोटो काढून वडिलांना व्हॉट्सॲप केला, खाली लिहिलं, 'वेलस्लीचा वाडा.' पाच मिनिटांत रिप्लाय आला, 'आपल्या गढीसारखंच झालंय. चिरे कोणी नेले?'