हमीचा आकडा किती?

(मंडळाच्या उन्हाळी व्याख्यानमालेतील भाषण, संपादित)

मंडळी, मी क्लीव्हलंड ब्राउन्स या अमेरिकन फुटबॉलच्या संघाचा चाहता आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे बोलण्यात कडूपणा आला तर तो कुठून येतोय, हे तुम्हाला कळेल. हा संघ १९९९ साली नव्याने उभा राहिला. तेव्हापासून आमचे चाळीसच्या घरात क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा खेळ चालवणारे मुख्य खेळाडू, होऊन गेले. इतके मुकादम बदलले असते तर कुठल्याही गिरणीला टाळं लागलं असतं. आमचं दुकान मात्र चालू आहे, कारण टीव्हीचे पैसे बत्तीस संघांत सारखे वाटले जातात. हरा नाहीतर जिंका, मालकाचा हिस्सा ठरलेला.

समोर इथे अमेरिकेत वाढलेली मुलं बसली आहेत, तसेच पुण्या-नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडीलही आहेत. त्यांच्यासाठी खेळ थोडक्यात सांगतो. अकरा जण मैदानात उतरतात आणि जवळजवळ प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते. चेंडू लांब फेकायचा, शेजारच्याला द्यायचा की स्वतः घेऊन पळायचं, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचं. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी उभे असतात, एकेक दीडशे किलोच्या आसपासचा. हे लाइनमन. समोरून येणारा हल्ला अंगावर घ्यायचा, एवढंच त्यांचं काम. त्यांची नावं कुणाला ठाऊक नसतात. चूक झाली की मात्र पंच माइकवरून त्यांचा नंबर सगळ्या स्टेडियमला ऐकवतात.

आता माझं म्हणणं. क्वार्टरबॅकला युनियनची फारशी गरज पडत नाही, पण क्वार्टरबॅकवाचून युनियनच्या अंगात बळ येत नाही. एनएफएलमधल्या, म्हणजे या बत्तीस संघांच्या लीगमधल्या, मालक-खेळाडू भांडणाची गाठ मला इथेच दिसते. मी वकील नाही, चाहता आहे, तेव्हा मत चाहत्याचं समजा.

आधी करार बघू. पेपरात मथळा येतो: अमक्याला पाच वर्षांचे पंचवीस कोटी डॉलर. आपण म्हणतो, मजा आहे बुवा. पण या खेळातला करार बव्हंशी एकतर्फी असतो. खेळाडूने पाच वर्षं बांधून घ्यायचं आणि संघाने वाटेल तेव्हा नारळ द्यायचा. बेसबॉलमध्ये सही झाली की पैसे पक्के, बास्केटबॉलमध्येही बहुतेक वेळा तसंच. फुटबॉलमध्ये जेवढ्या रकमेपुढे ‘हमी’ लिहिलंय तेवढीच खरी, बाकीची शोभेची. म्हणून मुलांना मी सांगतो, मथळा सोडा, हमीचा आकडा शोधा.

ऑगस्ट संपता संपता प्रत्येक संघाला नव्वदातून त्रेपन्न माणसं ठेवायची असतात. त्या दिवशी एक कर्मचारी ड्रेसिंग रूममध्ये फिरत असतो. खेळाडू त्याला ‘टर्क’ म्हणतात. तो जवळ येऊन हळूच सांगतो, ‘कोच बोलावतायत, आयपॅड घेऊन ये.’ पूर्वी चालींची जाडजूड वही परत करावी लागायची, आता त्या चाली आयपॅडमध्ये असतात. आयपॅड मागितला की समजायचं, गाशा गुंडाळायचा. आणखी एक गंमत ऐका. चार वर्षं झालेला खेळाडू मोसमाच्या पहिल्या आठवड्यात संघात असेल, तर त्या वर्षीचा त्याचा मूळ पगार जवळपास पक्का होतो. ही सोय युनियननेच भांडून मिळवली. मग काही संघ काय करतात? अशा माणसाला पहिल्या सामन्याआधी काढतात आणि सामना झाल्यावर परत बोलावतात. नियम पाळला, पैसेही वाचले! क्वार्टरबॅकच्या वाट्याला हा प्रकार क्वचितच येतो.

हे असं का, याचं उत्तर जुन्या संपांमध्ये सापडतं. खेळाडूंची संघटना १९५६ची, एनएफएलपीए. १९८२ साली तिने संप केला, तो ५७ दिवस चालला आणि मोसम नऊ सामन्यांवर आला. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला होता. गिरणगावातले कुणी इथे असतील तर त्यांना त्या वर्षाबद्दल मी सांगायला नको. दोन्हींची बरोबरी मी करणार नाही. गिरणी कामगाराचं घर बसलं, इथल्या बहुतेक खेळाडूंना निदान पुन्हा मैदान मिळालं.

खरा धडा १९८७चा. मागणी साधी होती: करार संपला की आम्हाला हव्या त्या संघाकडे जाऊ द्या. सप्टेंबरमध्ये संप सुरू झाला. मालकांनी एक आठवड्याचे सामने रद्द केले आणि पुढच्या आठवड्यापासून सरळ बदली खेळाडू उतरवले. कुणी शाळेत शिकवणारा, कुणी छोटी-मोठी नोकरी करणारा. टीव्हीने ते सामने दाखवले, लोकांनी पाहिले. डॅलसच्या टेक्स श्रॅम यांनी वाटाघाटीत ‘तुम्ही गुरं, आम्ही गुरांचे मालक, आणि मालकाला गुरं कधीही मिळतात’ अशा अर्थाचं सुनावल्याचं युनियनचे प्रमुख जीन अपशॉ सांगत.

मग कुंपण ओलांडून कोण आत गेलं? इतर बरेच गेले, पण लोकांच्या लक्षात राहिला जो मोंटाना. सॅन फ्रान्सिस्कोचा क्वार्टरबॅक, त्या काळातला सर्वांत मोठा. डॅलसचा डॅनी व्हाइट गेला, डग फ्लूटी गेला. मोंटानाच आत गेल्यावर बाहेर फलक धरून उभ्या लाइनमनने कुणाच्या तोंडाकडे बघायचं? युनियनकडे संपाच्या काळात घर चालवायला निधीही नव्हता. ऑक्टोबरच्या मध्यावर संप मोडला. खेळाडू कामावर आले तर मालक म्हणाले, या आठवड्याची मुदत टळली, पुढच्या आठवड्यात या. म्हणजे संप मागे घेऊनही एक पगार गेलाच.

पण याच संपातली एक गोष्ट मला फार आवडते. वॉशिंग्टनच्या संघातला एकही खेळाडू फुटला नाही. त्यांचे बदली खेळाडू १९ ऑक्टोबरला डॅलसमध्ये खेळायला गेले, आणि डॅलसकडे परत आलेले मोठमोठे खेळाडू होते. वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जखमी झाला, म्हणून टोनी रॉबिन्सन आत आला. तो चक्क तुरुंगातून सुटीवर सोडलेला कैदी होता. सामना वॉशिंग्टनने १३–७ असा जिंकला. संप मिटल्यावर मूळ खेळाडू परतले, आणि त्या मोसमाचा सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाचा अंतिम सामना, त्याच संघाने मारला. त्यांच्या डग विल्यम्सने सामन्याच्या एकाच पाव भागात चार टचडाउन, म्हणजे गुण मिळवून देणारे पास, फेकले. सुपर बोल जिंकून देणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. त्या बदली खेळाडूंना विजेतेपदाची अंगठी मिळाली ती २०१८ साली. ते संप फोडणारेच होते, हे मला मान्य आहे. तरी त्या रात्रीचा निकाल वाचून मला बरं वाटतं. माझा इलाज नाही.

संप हरल्यावर युनियनने जे केलं ते आपल्याकडच्या कामगार चळवळीत मी ऐकलेलं नाही. तिने स्वतःलाच बरखास्त केलं! अमेरिकेतला कायदा असा आहे की खेळाडूंची संघटना सामूहिक करार करते तोवर लीगला मक्तेदारीविरोधी कायद्यापासून बरंचसं संरक्षण मिळतं. संघटनाच नसेल तर बत्तीस, तेव्हाचे अठ्ठावीस, मालक एकत्र बसून पगार ठरवतात हा सरळ व्यापारी कट ठरू शकतो. म्हणून १९८९मध्ये संघटनेने कामगार संघटना म्हणून आपलं अस्तित्व सोडलं आणि खेळाडूंनी खटले भरले. १९९२ साली मिनियापोलिसच्या ज्यूरीने फ्रीमन मॅकनील या खेळाडूच्या नावाने चाललेल्या खटल्यात खेळाडूंच्या बाजूने कौल दिला. पुढच्याच वर्षी तडजोड झाली आणि करार संपलेल्या खेळाडूला दुसरीकडे जायची मोकळीक मिळाली. जे संपात मिळालं नाही ते कोर्टात मिळालं.

मात्र बदल्यात मालकांनी सॅलरी कॅप घेतली. १९९४ साली एका संघाच्या पगाराची कमाल मर्यादा होती ३ कोटी ४६ लाख डॉलर, २०२५ मध्ये ती २७ कोटी ९२ लाख झाली. आणि इथून क्वार्टरबॅकचं गणित बदललं. पगाराचा एकूण डबा ठरलेला असेल तर क्वार्टरबॅकला जास्त द्यायचं म्हणजे ते दुसऱ्या खेळाडूच्या पानातून काढायचं. डॅलसच्या डॅक प्रेस्कॉटने २०२४मध्ये चार वर्षांचे २४ कोटी मिळवले, म्हणजे सरासरी वर्षाला सहा. आता तो लाइनमन प्रेस्कॉटच्या कराराबद्दल टाळ्या का वाजवेल? मालकांना हवी होती तशीच ही रचना आहे. भांडण मालकाशी व्हायचं, ते खेळाडू-खेळाडूंत होतं.

हीच फट २०११मध्ये दिसली. मालकांनी टाळेबंदी केली, त्याविरुद्धच्या खटल्यावर सर्वांत ठळक नावं कुणाची? टॉम ब्रेडी, ड्रू ब्रीझ, पेटन मॅनिंग. तिघेही क्वार्टरबॅक. यावेळी बडी मंडळी पुढे उभी राहिली, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण तडजोडीत बळी गेला तो नवख्यांचा. २०१०च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिला निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला पाच कोटींची हमी मिळाली होती. पुढच्या वर्षी पहिला निवडलेल्या कॅम न्यूटनला सगळे मिळून सव्वादोन कोटींच्या आत. जे अजून सभासदच झाले नव्हते त्यांच्या खिशाला कात्री लावणं सगळ्यांनाच सोपं वाटलं. त्याचा परिणाम बघा: २०२२च्या ड्राफ्टमध्ये सगळ्यांत शेवटी निवडलेला ब्रॉक पर्डी सॅन फ्रान्सिस्कोला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला, त्या मोसमात त्याचा पगार होता ८ लाख ७० हजार. नंतर २०२५मध्ये त्याला २६.५ कोटींचा करार मिळाला. त्याचं भलं झालं, पण असे किती पर्डी वाट बघता बघता गुडघा फोडून घेतात!

युनियन आणि मालकांच्या २०२०च्या सामूहिक करारावर खेळाडूंचं मतदान झालं तेव्हा १,०१९ बाजूने आणि ९५९ विरोधात. मोसमातला सतरावा सामना त्यातूनच आला. एरन रॉजर्ससारखे मोठे क्वार्टरबॅक विरोधात होते. किमान पगारावर खेळणाऱ्यांना मात्र लगेच वाढ मिळणार होती. मी त्यांना नावं ठेवणार नाही. दोन-तीन वर्षांत नोकरी जाणार हे ज्याला ठाऊक आहे, तो आजचे पैसे घेणारच.

आता माझ्या संघाचं पाप. मार्च २०२२मध्ये ब्राउन्सनी डेशॉन वॉटसनला पाच वर्षांचे २३ कोटी डॉलर दिले, सगळेच्या सगळे हमीचे. तेव्हा वीसहून अधिक महिलांनी त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे लावलेले होते. आरोप त्याने नाकारले, पण लीगने त्याला अकरा सामने बंदी आणि पन्नास लाखांचा दंड केला. पहिल्या तीन मोसमांत तो आमच्यासाठी मिळून १९ सामने खेळला. खेळाडूंच्या हक्कासाठी इतकी वर्षं मागितलेली गोष्ट मिळाली, आणि मिळाली ती अशा माणसाला, अशा वेळी. चाहता म्हणून मला त्या कराराची लाज वाटते, आणि तरी तसा करार प्रत्येकाला मिळावा असंही वाटतं.

मालकांना लाज वगैरे वाटली नाही, त्यांना भीती वाटली. पुढचा क्वार्टरबॅकही हेच मागणार. पुढचा होता बॉल्टिमोरचा लमार जॅक्सन. २०१९चा सर्वोत्तम खेळाडू, पन्नासपैकी पन्नास मतं. एजंट नाही, स्वतःच बोलणी करणारा. २०२३मध्ये बॉल्टिमोरने त्याला अशा टॅगवर ठेवलं की दुसरा कुठलाही संघ त्याला देकार देऊ शकत होता, फक्त पहिल्या फेरीच्या दोन निवडी मोजाव्या लागल्या असत्या. ज्या लीगमध्ये बऱ्या क्वार्टरबॅकसाठी माणसं नवस बोलतात, तिथे एकाही संघाने देकार दिला नाही. शेवटी त्याने बॉल्टिमोरशीच २६ कोटींचा करार केला, त्यात हमी १८.५ कोटींची. आणि त्याच मोसमात पुन्हा सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला.

युनियनने लवादाकडे तक्रार नेली होती. लवाद क्रिस्टोफर ड्रोनी यांनी जानेवारी २०२५मध्ये निकाल दिला: लीगने मार्च २०२२च्या बैठकीत मालकांना हमी कमी करायला उद्युक्त केलं हे खरं, पण मालकांनी संगनमताने तसं केलं हे पुरेसं सिद्ध झालेलं नाही. निकाल लीगने दाबला, यात नवल नाही. पण युनियननेही तो बाहेर येऊ दिला नाही! जूनमध्ये पाब्लो टोरे या पत्रकाराने तो पॉडकास्टवर आणला, तेव्हा जगाला कळला. जुलैत युनियनचे प्रमुख लॉइड हॉवेल पायउतार झाले, त्यांच्याभोवती इतरही वाद होतेच. ज्या कागदात अर्धा विजय लिहिलेला होता तो आपल्याच सभासदांना न दाखवणारी युनियन मला तरी समजत नाही.

(श्रोत्यांतून प्रश्न: आपल्या क्रिकेटपटूंची युनियन का नाही?) चांगला प्रश्न. २०१९मध्ये इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन झाली, पण ती निवृत्तांची. आज खेळणाऱ्यांची नाही. आयपीएलमध्ये लिलाव होतो, प्रत्येक संघाच्या थैलीला मर्यादा असते, म्हणजे कॅप आली, पण समोरच्या बाजूला वाटाघाटी करणारं कुणी नाही. विराट किंवा बुमराहने मनावर घेतलं तर उद्या युनियन होईल. रणजी खेळणाऱ्याने मनावर घेऊन होणार नाही. पुन्हा तीच गाठ.

परत एनएफएलकडे येतो. त्याच २०२५च्या उन्हाळ्यात एक छोटी घटना घडली. ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत निवडलेल्या पहिल्या दोन पोरांना पूर्ण हमीचे करार मिळाले. त्यातला एक करार, गंमत म्हणजे, आमच्याच ब्राउन्सनी दिला. ते बघून उरलेल्या तीसच्या तीस जणांनी सह्या रोखल्या. संपाची हाक नाही, फलक नाहीत, प्रत्येक जण आपापल्या एजंटमार्फत गप्प बसला. जुलैच्या मध्यावर न्यू ऑर्लिन्सने टायलर शॉफला पूर्ण हमी दिली, मग बाकीच्या सह्या होत गेल्या. शॉफ क्वार्टरबॅकच.

सध्याचा सामूहिक करार २०३०च्या मोसमापर्यंत आहे. मालकांना अठरावा सामना हवाय, आणि तो युनियनच्या संमतीशिवाय घेता येत नाही. माझी अपेक्षा एवढीच आहे की त्या टेबलावर बत्तीस संघांचे बत्तीस क्वार्टरबॅक स्वतः जाऊन बसावेत आणि त्यांनी आपल्यासाठी काहीही मागू नये. त्रेपन्नाव्या माणसाचा पगार पहिल्या दिवसापासून वर्षभरासाठी पक्का करा, मग अठराव्या सामन्याचं बोलू, एवढंच म्हणावं. आमचा क्वार्टरबॅक तोवर कोण असेल, ते मात्र मला विचारू नका.